आधी काय हवे? : ‘पूर्वअट’, ‘अर्हता’ आणि ‘अधिकार’

(मराठी भाषाविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक उघडले की अभ्यासक्रमाच्या नावाखाली एक ओळ हमखास आढळते. हा विषय घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने काय पूर्ण केलेले असावे, हे त्या ओळीत सांगितलेले असते. इंग्रजी माहितीपत्रकाला त्यासाठी ‘प्रीरिक्विझिट’ हा एकच शब्द पुरतो. मराठीत माहितीपत्रक बदलले की शब्द बदलतो. कुठे ‘पूर्वअट’, कुठे ‘पूर्वापेक्षा’, कुठे ‘पूर्वावश्यकता’, कुठे ‘किमान पात्रता’, तर कुठे ‘आवश्यक अर्हता’. अनेकांना हा मराठीतला गोंधळ वाटतो आणि ‘इंग्रजी शब्दच बरा’ असा निष्कर्ष काढून ते मोकळे होतात. वास्तविक या पाच शब्दांचे पाच वेगळे स्वभाव आहेत. त्यांतील एकेकाच्या मागे शेकडो वर्षांचा विचार उभा आहे. काहींच्या मागे तर समाजाने एकमेकांशी केलेल्या व्यवहाराचा, आणि अन्यायाचाही, इतिहास आहे. म्हणून या शब्दांकडे थोडे थांबून पाहणे उचित ठरेल.

‘पूर्वापेक्षा’ हा शब्द आधीच बाजूला काढलेला बरा. हिंदीत तो पारिभाषिक शब्द म्हणून चालतो आणि तिथे तो गैर नाही. संस्कृतात ‘अपेक्षा’ म्हणजे गरज, कशावर तरी अवलंबून असणे. ‘सापेक्ष’ आणि ‘निरपेक्ष’ या शब्दांत मराठीनेही तो अर्थ जपला आहे. परंतु सुटा ‘अपेक्षा’ शब्द मराठी माणूस आशेच्या, मागणीच्या अर्थाने वापरतो. मुलाकडून अपेक्षा असतात, सरकारकडून अपेक्षा असतात, आणि बहुधा दोन्हीकडे अपेक्षाभंगच होतो. तेव्हा ‘या विषयाची पूर्वापेक्षा गणित’ असे वाक्य वाचणाऱ्या पालकाला नेमका अर्थ लागत नाही. शब्द संस्कृत आहे एवढ्याने तो मराठी होत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ यांसारखे शब्द रुजले, कारण ते ऐकताच अर्थ कळतो आणि जीभ अडखळत नाही. याउलट १९६२ च्या शासकीय पदनाम कोशाची आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ अशी संभावना केली. त्या कोशातील कितीतरी शब्द पुढे सरकारी पाट्यांवर रुळले हे खरे असले, तरी अत्र्यांच्या टोमण्यात शब्द घडविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे काहीतरी होतेच.

आता ‘पूर्वअट’. हा शब्द दिसायला जरा ओबडधोबड आहे. ‘पूर्व’ संस्कृत, ‘अट’ अस्सल व्यवहारातली. दोघांचा संधी करून ‘पूर्वाट’ म्हणावे तर ते एखाद्या वाटेचे नाव वाटेल. म्हणून मराठीने संधी न करता दोन शब्द शेजारी बसविले आणि काम भागविले. पण या शब्दाची खूण त्याच्या क्रियापदांत आहे. अट घातली जाते, मान्य केली जाते, शिथिल केली जाते, मागे घेतली जाते. म्हणजे अटीच्या पाठीमागे अट घालणारा कोणीतरी असतो, आणि त्याने मनावर घेतले तर ती नाहीशीही होऊ शकते. अट हा दोन पक्षांमधला व्यवहार आहे.

याचे मराठी मनाला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे १६५९ च्या नोव्हेंबरातील प्रतापगडाची भेट. अफझलखान वाईस तळ देऊन होता. भेट वाईला व्हावी की जावळीत, सैन्य किती अंतरावर थांबावे, सोबत किती जण असावेत, या प्रत्येक गोष्टीची बोलणी वकिलांमार्फत आधी झाली. भेट प्रतापगडाच्या पायथ्याशी ठरली, दोन्हीकडे मोजके दहा-दहा अंगरक्षक ठरले. भेटीच्या शामियान्यात खानाजवळ सय्यद बंडा उभा आहे हे कळताच त्याला दूर करावे असा आग्रह शिवछत्रपतींच्या बाजूने धरला गेला, असे बखरीत येते. या साऱ्या पूर्वअटी होत्या. खान त्या नाकारू शकत होता. त्याने त्या मान्य केल्या, आणि रणभूमी कोणाची याचा निर्णय तिथेच अर्धा झाला. पूर्वअट घालण्याची संधी ज्याच्या हाती असते त्याचे पारडे जड असते, हे राजनीतीतले जुने तत्त्व आहे. वृत्तपत्रांत ‘चर्चेसाठी पूर्वअट’ असा जो प्रयोग होतो, तो म्हणून अगदी अचूक आहे.

परंतु काही गोष्टी अशा असतात की त्यांना अट म्हणताच येत नाही, कारण त्या कोणी घातलेल्या नसतात. महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ यासाठी एक सुंदर शब्द आहे : ‘वाफसा’. पहिला पाऊस पडला म्हणून पेरणी करायची नसते. जमीन फार ओली असेल तर पाभर चालत नाही, मातीचा चिखल होतो, बी गुदमरते. फार कोरडी असेल तर बी उगवतच नाही, किंवा उगवून जळते. पाणी मुरून, वरची माती मोकळी होऊन, आत ओल आणि हवा दोन्ही असतील अशी जी अवस्था येते तिचे नाव वाफसा. कृषी खाते दरवर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज आणि वाफसा आल्याखेरीज पेरणीची घाई करू नये. ही सूचना खाते मागे घेऊ शकेल; वाफशाची गरज कोणालाच मागे घेता येणार नाही. पतपेढीकडून काढलेले कर्ज, दाराशी आलेले बियाणे, शेजाऱ्याने उरकलेली पेरणी यांपैकी कशाचाही दबाव मातीवर पडत नाही. दुबार पेरणीचे संकट ज्यांनी पाहिले आहे त्यांना ‘पूर्वावश्यकता’ या जड शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

आयुर्वेदाने हाच विचार शास्त्राच्या चौकटीत बसविला. पंचकर्म करावयाचे तर त्याआधी पूर्वकर्म हवे. स्नेहनाने आणि स्वेदनाने शरीर मऊ, सैल करून घेतल्यावाचून वमन-विरेचन देऊ नये. सुश्रुताने शस्त्रकर्माचेही पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन टप्पे सांगितले आहेत. इथे ‘पूर्व’ म्हणजे केवळ काळाने आधीचे असे नाही. त्याच्याविना पुढचे घडतच नाही, किंवा घडले तर अपाय करते, असे ते ‘पूर्व’ आहे. कीर्तनातील पूर्वरंग आणि नाटकाचा पूर्वरंग या शब्दांतही हीच भावना आहे. बुवा पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन तत्त्व उलगडतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. काही श्रोते आख्यानाच्या वेळेलाच येतात, हा भाग वेगळा!

तिसरा गट ‘पात्रता’ आणि ‘अर्हता’ यांचा. येथे लक्ष परिस्थितीवरून माणसावर येते. ‘पात्र’ म्हणजे भांडे. ज्यात ओतायचे ते गळके नसावे, कलंडलेले नसावे, आधीच काठोकाठ भरलेले नसावे. ‘सत्पात्री दान’ या प्रयोगातले पात्र हेच. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे वर्णन करताना देश आणि काळ यांच्या जोडीला पात्राचा विचार येतो. ‘अर्हता’ हा शब्द ‘अर्ह्’ या धातूपासून, म्हणजे लायक असणे, मानास योग्य असणे. जैन परंपरेतील ‘अर्हत्’ आणि बौद्ध परंपरेतील ‘अर्हत’ हे शब्द याच धातूचे. एवढ्या उंचीवरून हा शब्द खाली उतरत उतरत नोकरभरतीच्या जाहिरातीत आला, ‘शैक्षणिक अर्हता : पदवी’. निवडणूक आयोगाच्या मराठी कागदपत्रांत ‘अर्हता दिनांक’ असतो. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर त्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. पूर्वी वर्षातून १ जानेवारी हा एकच दिवस धरला जाई. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर हे दिवसही अर्हता दिनांक झाले. या अर्हतेसाठी नागरिकाला वाढदिवसाची वाट पाहण्यापलीकडे काही करावे लागत नाही, हे खरे. पुढचे, म्हणजे नाव नोंदविण्याचे आणि मतदानाला जाण्याचे, मात्र करावे लागते, आणि शहरांतील मध्यमवर्गीय वस्त्यांत नेमके तेच राहून जाते.

इथवरचे शब्द व्यवहारातले झाले. पण ‘आधी काय हवे’ या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार भारतात एका दोन अक्षरी शब्दाच्या निमित्ताने झाला आहे. तो शब्द म्हणजे ‘अथ’. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांतील पहिल्या सूत्राचा पहिलाच शब्द ‘अथ’ आहे. जैमिनींची मीमांसासूत्रेही त्याच शब्दाने सुरू होतात. सामान्य वाचक ‘अथ म्हणजे आता’ असे म्हणून पुढे जाईल. आद्य शंकराचार्य तसे जात नाहीत. ते या एका शब्दावर थांबून विचारतात, की हा ‘अथ’ आरंभाचा आहे, मंगलाचा आहे, की ‘यानंतर’ अशा अर्थाचा आहे? ब्रह्माची जिज्ञासा ही काही आरंभ करण्याची वस्तू नव्हे. आणि मंगल तर शब्द कानी पडल्यानेच साधते. तेव्हा ‘अथ’ म्हणजे ‘यानंतर’, असा निर्णय ते देतात. मग प्रश्न उरतो : कशानंतर?

येथे आचार्यांमध्ये मतभेद आहे आणि तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. रामानुजाचार्यांच्या मते वेदांच्या कर्मभागाचा विचार आधी झाला पाहिजे. कर्माचे फळ अल्प आणि अस्थिर आहे हे कळल्यावर माणूस ब्रह्माकडे वळतो. शंकराचार्य म्हणतात, धर्माचा विचार न करताही ज्याने वेदान्ताचे अध्ययन केले आहे त्याला ब्रह्मजिज्ञासा होऊ शकते. म्हणून कर्मविचार ही आवश्यक पूर्वतयारी होऊ शकत नाही. आवश्यक काय, तर जे असले म्हणजे जिज्ञासा होते आणि नसले तर होत नाही, ते. या कसोटीवर ते चार गोष्टी सांगतात. नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक. इथल्या आणि परलोकीच्याही भोगांविषयी वैराग्य. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान ही सहा साधनांची संपत्ती. आणि मुमुक्षुत्व, म्हणजे सुटण्याची तळमळ. यांनाच साधनचतुष्टय म्हणतात.

या विवेचनातील पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. एखादी गोष्ट नेहमी आधी येते म्हणून ती पूर्वावश्यक ठरत नाही. ती वगळून पाहावी. पुढचे काम अडले तरच ती पूर्वावश्यक. आजही एखाद्या संस्थेने प्रवेशाचे नियम तपासायला घेतले तर याहून चांगली कसोटी मिळणार नाही. कितीतरी नियम ‘पूर्वीपासून आहे’ एवढ्याच आधारावर उभे असलेले आढळतील.

ही चार साधने ज्याच्याजवळ आहेत त्याला वेदान्ताने नाव दिले ‘अधिकारी’. सदानंदांच्या ‘वेदान्तसार’ ग्रंथात अनुबंधचतुष्टय सांगितले आहे : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. म्हणजे ग्रंथ कोणासाठी, कशाविषयी, दोहोंचे नाते काय आणि लाभ काय. यात अधिकारी पहिला. हा अधिकारी शिष्य आहे, विद्यार्थी आहे. त्याने काही कमावले आहे म्हणून तो अधिकारी. आता हाच शब्द मराठीत आज कोठे पोहोचला आहे पाहा. अधिकारी म्हणजे टेबलापलीकडे बसलेला माणूस. अधिकार म्हणजे त्याची सही. आणि सर्वसामान्य नागरिकाच्या तोंडी अधिकार म्हणजे हक्क, मागून घ्यायची वस्तू. भारतीय संविधानाच्या मराठी अनुवादाने ‘मूलभूत हक्क’ म्हटले, हिंदीने ‘मूल अधिकार’ म्हटले. २००५ च्या कायद्याला मात्र मराठीतही ‘माहितीचा अधिकार’ हेच नाव रुळले.

अर्थ बदलणे हा भाषेचा धर्म आहे, त्याबद्दल रडत बसण्यात हशील नाही. नागरिकाचे हक्क त्याला नागरिक म्हणूनच मिळायला हवेत. त्यासाठी कोणी त्याचा विवेक आणि वैराग्य तपासू लागला तर तो जुलूम होईल. तरीही जुना अर्थ मराठीने पूर्णपणे सोडलेला नाही. ‘ते अधिकारी पुरुष होते’ असे एखाद्या सत्पुरुषाविषयी म्हटले जाते, तेव्हा ते कोणत्या खात्यात होते असे कोणी विचारत नाही. ‘त्यांचा संगीतातला अधिकार मोठा’, ‘अधिकारवाणीने बोलले’, ‘ही अनधिकार चेष्टा आहे’, या सर्व प्रयोगांत कमावलेल्या योग्यतेचाच अर्थ जिवंत आहे.

उपनिषदांतील गुरू ही योग्यता कशी पारखत, हे पाहण्यासारखे आहे. कठोपनिषदात नचिकेता तिसरा वर म्हणून मृत्यूपलीकडचे ज्ञान मागतो. यम लगेच शिकवीत नाही. गुरे, हत्ती, घोडे, सोने, दीर्घ आयुष्य, सारे पुढे करून पाहतो. मुलगा ढळत नाही, तेव्हाच शिकवण सुरू होते. छांदोग्यात इंद्र आणि विरोचन प्रजापतीकडे येतात, तेव्हा आधी बत्तीस वर्षे ब्रह्मचर्य. विरोचन पहिल्याच उत्तरावर समाधान मानून परततो. इंद्राला वाटेतच शंका येते, तो पुन्हा येतो, पुन्हा बत्तीस, पुन्हा बत्तीस आणि अखेरीस आणखी पाच अशी एकशे एक वर्षे राहतो. त्याच छांदोग्यात सत्यकाम जाबालाची कथा आहे. हारिद्रुमत गौतम त्याला गोत्र विचारतात. तो आईने जे सांगितले तेच जसेच्या तसे सांगतो : अनेकांच्या सेवेत असताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही, मी जबाला, तू सत्यकाम. गुरू त्याचे खरे बोलणे हीच अर्हता मानतात, त्याला उपनीत करतात आणि चारशे रोडावलेल्या गाई देऊन रानात पाठवितात. त्या हजार झाल्यावर तो परततो.

इथपर्यंतचा इतिहास अभिमानाने सांगता येतो. पुढचा सांगताना मान खाली जाते, पण तो सांगितला पाहिजे. ज्या अधिकाराची कसोटी सत्य होती, त्याची कसोटी हळूहळू जन्म झाली. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात शूद्रांच्या वेदविद्येतील अधिकाराचा विचार येतो आणि तो नाकारला जातो. छांदोग्यात रैक्व मुनी जानश्रुती राजाला ‘शूद्र’ असे संबोधूनच विद्या देतात. ही अडचण दूर करण्यासाठी या जागी ‘शूद्र’ म्हणजे शोकाने धावलेला, अशी व्युत्पत्ती लावली गेली. सत्यकामाच्या सत्यवचनाचा अर्थही ‘म्हणजे तो ब्राह्मणच असला पाहिजे’ असा लावला गेला. शंकराचार्यांनी इतिहास-पुराणांच्या द्वारे ज्ञान मिळविण्याची वाट चारही वर्णांना मोकळी आहे असे म्हटले, विदुराचे आणि धर्मव्याधाचे नावही घेतले; परंतु वेदाचे दार बंदच राहिले. शब्दाच्या व्युत्पत्तीने केवढे काम केले पाहा! एका शब्दाचा अर्थ फिरवला आणि कोट्यवधी माणसे शतकानुशतके उंबऱ्याबाहेर राहिली.

येथे पूर्वअट आणि अडसर यांतील भेद स्पष्ट होतो. पूर्वअट कितीही कठीण असो, ती पूर्ण करता येते. बत्तीस वर्षे राहा म्हटले तर राहता येते, गाई राखा म्हटले तर राखता येतात. ‘दुसऱ्या घरी जन्माला ये’ ही गोष्ट मात्र कोणीही पूर्ण करू शकत नाही. जी पूर्ण करता येत नाही ती पूर्वअट नव्हेच. तिला अर्हता, पात्रता, अधिकार यांपैकी कोणतेही नाव दिले तरी ते भिंतीला दार म्हणण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात हा भेद ओळखणारे फार लवकर झाले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या अठराव्या अध्यायात ज्ञानेश्वर महाराजांनी वेदाला कृपण म्हटले आहे, आणि कारणही दिले आहे : तो तीनच वर्णांशी बोलला, स्त्रियांना आणि शूद्रांना त्याने बाहेर ठेवले, हे उणे भरून काढण्यासाठी गीता अवतरली. वेदाला वंदन करणाऱ्यानेच हे म्हणावे, यात वारकरी परंपरेचे धैर्य आहे. पुढे तुकोबांना ‘हा अधिकार तुला कोणी दिला’ हाच प्रश्न विचारला गेला आणि गाथा इंद्रायणीच्या डोहापर्यंत पोहोचली. ज्या रामेश्वर भट्टांचा त्यात पुढाकार होता तेच नंतर तुकोबांचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते.

राज्याभिषेकाच्या वेळीही प्रश्न अधिकाराचाच होता. वैदिक राज्याभिषेकासाठी उपनयन झालेले असणे आवश्यक मानले जाई. शिवछत्रपतींची मुंज वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मे १६७४ च्या अखेरीस रायगडावर लावण्यात आली, विवाहविधीही पुन्हा समंत्रक झाले आणि मग ६ जून १६७४ रोजी गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली अभिषेक झाला. राहून गेलेला संस्कार पूर्ण करून घेता येतो, या अर्थाने ती खरीखुरी पूर्वअट होती आणि ती पूर्ण केली गेली. त्याच सुमारास महाराजांच्या आज्ञेने फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. राज्याला शब्द हवेत हे त्या राजाला कळत होते. पण सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ मध्ये, त्याच घराण्यातील कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही असे त्यांच्याच पुरोहिताने म्हणावे, याला काय म्हणायचे? एकदा पूर्ण झालेली अट पुन्हा भिंत होऊन उभी राहिली. वेदोक्त प्रकरणाने महाराष्ट्राच्या समाजजीवनात जी कटुता पेरली तिची फळे हिंदू समाजाने दीर्घकाळ भोगली.

मंदिराच्या दाराशीही तेच. १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३१ मध्ये रत्नागिरीत सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडले. १९४७ मध्ये पंढरीच्या विठोबाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. देवाच्या दर्शनाला आधी काय हवे? भाव हवा, असे साडेसहाशे वर्षे कीर्तनांतून सांगणाऱ्या समाजाला हे दार उघडायला एवढा वेळ लागला.

आता नाण्याची दुसरी बाजू. जन्माच्या भिंती पाडताना कष्टाच्या पायऱ्याही उपटून टाकाव्यात, असा एक विचार अलीकडे बळावत आहे. प्रत्येक पूर्वअट म्हणजे अन्याय, असे मानले जाऊ लागले आहे. येथे सुश्रुताकडे पुन्हा वळावे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एक पूर्ण अध्याय ‘योग्या’ या विषयावर आहे. योग्या म्हणजे सराव. शास्त्र पाठ असले तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्म करण्यास योग्य नाही, असा त्याचा आशय. मग सराव कशावर करायचा हे तो सांगतो : कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर, भेदण्याचा पाण्याने भरलेल्या कातडी पिशव्यांवर, खरवडण्याचा केसाळ कातड्यावर, शिरा वेधण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, पट्ट्या बांधण्याचा कापडाच्या केलेल्या मनुष्याकृतीवर. रोज तोंडी असलेला ‘योग्य’ हा शब्द आणि ही ‘योग्या’ एकाच कुळातली. रुग्णाच्या अंगावर शस्त्र धरण्यापूर्वी भोपळ्यावर हात बसलेला असावा, ही पूर्वावश्यकता वैद्याचा अपमान करण्यासाठी नसून रुग्णासाठी आहे. तिच्यात कोणाचे कुळ विचारलेले नाही.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सर्वांनाच अनिवार्य नसेल अशी तरतूद केली. चौदा विषयांच्या यादीतील कोणतेही तीन चालतील, कमतरता सेतू अभ्यासक्रमातून भरून काढावी, असे म्हटले. त्यावर बरीच चर्चा झाली. हेतू चांगला असू शकतो. निराळ्या वाटेने येणाऱ्या विद्यार्थ्याला दार उघडे राहावे, हे योग्यच. पण दारावरची पाटी काढल्याने पुलाचा भार मोजायला लागणारे गणित कमी होत नाही. ती गरज प्रवेशाच्या वेळी विचारली नाही तर पहिल्या सत्रात विचारली जाते, आणि तिथे विद्यार्थी एकटा असतो. म्हणून अट शिथिल करणाऱ्यावर सेतू बांधण्याची जबाबदारी दुप्पट येते. त्याच वर्षी, कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, महाराष्ट्रात १ जुलैपासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला गेला. आधीच्या इयत्तेचे राहून गेलेले पुढच्या इयत्तेत शिरण्यापूर्वी भरून काढणे, हा त्याचा उद्देश. ‘सेतू’ हा शब्द ज्याने योजला त्याला मराठी कळत होते. आईवडिलांकडे स्मार्टफोन नसलेल्या मुलासाठी तो सेतू किती गजांचा ठरला, हा प्रश्न प्रत्येक गावाने आपापल्या शाळेला विचारायला हवा. आणि जिथे तो अपुरा पडला तिथे वस्तीवर संध्याकाळची अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्याने त्याची लांबी वाढवायची आहे.

राहता राहिला माहितीपत्रकातील शब्दाचा प्रश्न. ज्यांच्या हाती असे मजकूर लिहिण्याचे काम येते, त्यांनी शब्द निवडताना एवढेच पाहावे, की गरज कोणी घातलेली आहे, की कामाच्या स्वभावातून आलेली आहे, की माणसाने आपल्या अंगी आणायची आहे. करारात, वाटाघाटीत, अनुदानाच्या आदेशात ‘पूर्वअट’ लिहावे. यंत्र बसविण्यापूर्वी वीजजोडणी हवी, लसीकरणापूर्वी शीतपेटी हवी, अशा ठिकाणी ‘पूर्वावश्यकता’ किंवा त्याहून सोपे ‘पूर्वतयारी’ लिहावे. पदासाठी, परीक्षेसाठी, निवडणुकीसाठी ‘अर्हता’ किंवा ‘पात्रता’ चालेल. कायद्याच्या मजकुरात पहिला, घरी समजावून सांगताना दुसरा. ‘अधिकार’ शब्द या कामासाठी आता परत आणता येणार नाही, तो अध्यात्माच्या आणि कलेच्या वर्णनातच राहू द्यावा. आणि अभ्यासक्रमाच्या नावाखालच्या त्या एका ओळीत ‘हा विषय घेण्यापूर्वी अमुक विषय झालेला असावा, झाला नसल्यास अमुक वर्गाला बसावे’ असे सरळ मराठी वाक्य लिहिले, तर कोणताही पारिभाषिक शब्द शोधावा लागणार नाही. त्यातील दुसरा भाग बहुतेक माहितीपत्रकांत नसतो. तो छापायला आणखी एकच ओळ लागते.